लॉरी अँडरसनचं करिअर नक्की कसं घडलं? भाचीसाठी विचारतोय

इंदिरानगरचा_मामा
नमस्कार मंडळी. माझी भाची इथेच नाशकात फाइन आर्टला शेवटच्या वर्षाला आहे, व्हायोलिन लहानपणापासून शिकतेय, मराठीत गाणी लिहिते आणि आता व्हिडिओ करून त्यावर स्वतःच्याच आवाजात गोष्टी सांगते. घरात सगळ्यांचं एकच, एक ना धड भाराभर चिंध्या. तिनं मला लॉरी अँडरसन या अमेरिकन बाईंचं काम दाखवलं, त्याही व्हायोलिन, गाणी, गोष्टी, पडद्यावरची चित्रं सगळं एकत्र करतात, आणि मला ते खरंच भिडलं, पण ताई-भाऊजींना काय सांगू? बाईंनी सुरुवात कुठून केली, पोट कशावर चाललं, आणि इतकं सगळं करूनही लोकांनी त्यांना मानलं ते कशामुळे? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

सिडको_साउंडवाला
मामा, आधी हे सांगा घरी की बाईंकडे संगीताची डिग्री नाही. जन्म 1947 चा, इलिनॉयचा, लहानपणी शिकागोच्या युथ ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, मग न्यूयॉर्कला कलेचा इतिहास आणि 1972 ला तिथल्याच कोलंबिया विद्यापीठातून शिल्पकलेची एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी. त्यानंतर कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायच्या, पोट त्याच्यावर. स्लाइड समोर आली आणि माहिती आठवली नाही तर तिथल्या तिथे गोष्ट रचून सांगायच्या असं त्यांनीच सांगितलंय, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या सवयीतूनच आलं.

70 च्या दशकात रस्त्यावर व्हायोलिन वाजवायच्या, पायात आइस स्केट्स, त्यांची पाती बर्फाच्या लादीत गोठवलेली, बर्फ वितळून तोल जायला लागला की कार्यक्रम संपला. म्हणजे वेळ किती ते बर्फ ठरवणार! शिल्पकार माणसालाच सुचेल असं. मग 1977 चं टेप-बो व्हायोलिन, हे तुमच्या भाचीनं नीट समजून घ्यावं. बो ला, म्हणजे वाजवायच्या गजाला, घोड्याच्या केसांऐवजी रेकॉर्ड केलेली मॅग्नेटिक टेप लावली आणि व्हायोलिनच्या ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, टेप रेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेप वाचून आवाज काढणारा भाग, बसवलं, त्यामुळे बो पुढे ओढला की शब्द सुलटे आणि मागे नेला की उलटे, हळू ओढला की आवाज जाड, जोरात ओढला की बारीक. व्हायोलिन चक्क बोलतं. वाजवणं, लिहिणं, वस्तू घडवणं, तिन्ही एकाच हातात. हिला चिंध्या कोण म्हणेल?

पंचवटीकर
साउंडवाले दादा, सगळं बरोबर, पण पैशाचं पण सांगा ना, मामांनी तेच विचारलंय. 'ओ सुपरमॅन' हे बाईंचं आठेक मिनिटांचं गाणं आधी एका छोट्या कंपनीनं थोड्याच प्रतींत काढलं होतं. बीबीसी रेडिओवर जॉन पील या निवेदकानं ते लावलं आणि 1981 मध्ये ते ब्रिटनच्या खपाच्या चार्टवर दुसऱ्या नंबरला गेलं, तेव्हा कुठे वॉर्नरसारखी मोठी रेकॉर्ड कंपनी आली. तोवर बाई चौतिशीच्या होत्या आणि मागे दहाएक वर्षांचं काम होतं, गॅलऱ्या, ग्रँट म्हणजे अनुदान, शिकवणं असं मिळून. अमेरिकेत कलाकाराला सरकारी ग्रँट मिळायची, म्युझियमं बोलवायची. आपल्याकडे तो आधार फार कमी, म्हणून भाचीनं कमाईचं एक साधन हातात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, एडिटिंग म्हणा, शिकवण्या म्हणा.

गोदाकाठची_मेघा
कमाईचं पंचवटीकर दादांचं पटतंय, पण मामा, घरी अमेरिकेचं उदाहरण देऊच नका, फाळक्यांचं द्या! जन्म त्र्यंबकेश्वरचा, जे. जे. मध्ये चित्रकला, मग फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन, छापखाना, जादूचे प्रयोग सुद्धा, आणि 1913 ला 'राजा हरिश्चंद्र'. मग कंपनी घेऊन नाशकातच आले. चित्र, फोटो, छपाई, जादू, यातलं काय पडद्यावर वाया गेलं सांगा बरं? पांडवलेणीच्या पायथ्याला स्मारकावर आपण सगळे सहलीला जातो, आणि घरात मात्र मुलीला म्हणतो एकच काहीतरी कर. मला याचा खरंच राग येतो.

इंदिरानगरचा_मामा
मेघाताई, हे भाऊजींना लगेच पटेल, ते स्वतः सातपूरला टूलरूममध्ये आहेत, बो वरच्या टेपचं सुद्धा त्यांना आवडेल. एक शंका, बाई पुढे पण असंच सगळं करत राहिल्या की गाण्यावर स्थिरावल्या?

सिडको_साउंडवाला
अजिबात स्थिरावल्या नाहीत. 1983 मध्ये ब्रुकलिनला 'युनायटेड स्टेट्स' हा दोन संध्याकाळचा, आठेक तासांचा प्रयोग, गाणी, गोष्टी, पडद्यावर चित्रं सगळं त्यात. पुढे नासानं त्यांना आर्टिस्ट-इन-रेसिडन्स, म्हणजे संस्थेत राहून काम करणारी कलाकार, नेमलं, त्या जागेवरच्या त्या पहिल्याच, आणि त्यातून त्यांनी रॉकेटचं काही केलं नाही, एकटीनं सांगायचा गोष्टींचा कार्यक्रम केला! 2015 ला 'हार्ट ऑफ अ डॉग' हा सिनेमा, मग व्हीआर, म्हणजे चष्मा लावून बघायचं आभासी जग, आणि क्रोनोस क्वार्टेट या चौघांच्या तंतुवाद्य गटाबरोबरच्या 'लँडफॉल' या अल्बमला 2019 मध्ये ग्रॅमी. साधन दर वेळी नवीन, पण मध्यभागी एक बाई शांत आवाजात गोष्ट सांगतेय हे कुठेच सुटलं नाही, लोकांनी मानलं ते त्यासाठी.

भाऊजी टूलरूमचे आहेत तर सोन्याहून पिवळं, व्हायोलिनला पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरला नेणारा छोटा माइक, बसवायला त्यांनाच हाताशी घ्या. तिला म्हणावं एकच गोष्ट घे, दहा मिनिटांची, मराठीतच, व्हायोलिन, व्हिडिओ, गाणं सगळं त्या एका गोष्टीला लाव आणि गंगापूर रोडला एखादा छोटा हॉल बघून वीस-पंचवीस लोकांसमोर कर. स्पीकर आणि मिक्सर मी घेऊन येतो, भाडं नको. तारीख ठरली की इथेच टाका.