मदत हवी आहे: डॅटसन २४०झेड, ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खाली जातं

१९७२ची गाडी, बरीच वर्षं उभी होती. इंजिन आता छान चालतंय, अडलंय ते ब्रेकवर. पेडल पहिल्यांदा दाबलं की जवळजवळ तळाला टेकतं, लगेच पुन्हा दाबलं की वर आणि कडक. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा), मागचे व्हील सिलिंडर, रबरी होज सगळं नवीन. गळती नाही. ब्रेक लाइनमधली एअर तीनदा काढली. (पुढच्या कॅलिपरचे ब्लीडर, म्हणजे एअर काढायचे स्क्रू, वरच्याच बाजूला आहेत, डावं-उजवं उलटं बसलेलं नाही.) मागचे ड्रम मात्र हाताने अगदी मोकळे फिरतात, लायनर जरासुद्धा घासत नाही. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) मूळचाच. मास्टर सिलिंडर बसवताना बूस्टरच्या पुशरॉडची (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) लांबी मोजायची राहिली, तो गाढवपणा माझाच.

दोष मागच्या अ‍ॅडजस्टरचा (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा भाग) की पुशरॉडचा, हे मास्टर सिलिंडर परत न काढता कसं ओळखायचं?