मुलगा आरशासमोर रेंगाळला तर

‘नटण्यामुरडण्याची हौस मुलींना उपजतच असते’ असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा 1884 सालचा, अडीच वर्षांचे असतानाचा फोटो पाहा: पांढरा फ्रॉक, खांद्यापर्यंत केस. तेव्हा तिकडे लहान मुलग्यांना सर्रास असंच सजवत, कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

आमच्याकडे मुलगी आणि मुलगा दोघंही आरशासमोर सारखाच वेळ काढतात. पाहुणे मात्र तिला ‘किती गोड दिसतेस’ म्हणतात आणि त्याला ‘पुरे आता, मुलगी आहेस का?’ परवा हे ऐकून त्याने हातातला कंगवा पटकन पाठीमागे लपवला. फार वाईट वाटलं. आता पाहुण्यांना मी तिथल्या तिथे, त्याच्यासमोरच थांबवते.