ब्लॅक टँक रिकामी तरी पॅनेलवर ‘फुल’: सेन्सर बदलायचे की टाकी धुवायची?

नमस्कार मंडळी,

लिस्टवर मोटरहोमवाले (म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांवाले) बरेच आहेत म्हणून विचारते. आमच्या गाडीत ब्लॅक टँक (टॉयलेटच्या मैल्याची टाकी) डंप केली म्हणजे रिकामी केली, फ्लश केली, नळीतून अगदी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतली तरी टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या पॅनेलचं बटण दाबलं की दोन तृतीयांशचा दिवा लागतोच, कधी कधी तर फुलचाही. ग्रे टँकनेही (शॉवर-सिंकच्या सांडपाण्याची टाकी) आता तेच सुरू केलंय. आणि फ्रेश वॉटरचं बरोब्बर उलटं, टाकी काठोकाठ भरली तरी दिवा एक तृतीयांशच्या वर सरकत नाही. डीलरला विचारलं तर म्हणे हे सेन्सर असेच असतात, लक्ष देऊ नका. मला ते पटत नाही, कारण सासूबाई आणि मुलं बरोबर असताना टाकी खरंच भरलीय का हे मला झोपायच्या आधी कळायला हवं. सेन्सर बदलायचे तर टाकी उतरवावी लागते का? की दुसरी कुठली सिस्टीम मिळते?

---

उत्तर:

ताई, मी पॅनेलकडे बघणंच सोडून दिलंय. ब्लॅक टँकसाठी टॉयलेटचा पेडल दाबून टॉर्च मारायचा, बहुतेक गाड्यांत टॉयलेट टाकीच्या थेट वर असतं त्यामुळे पातळी डोळ्यांनी दिसते. टाकी बाजूला असेल तर मात्र काही दिसत नाही. ग्रे टँकचं अवघड आहे, शॉवरच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं की कळतं भरली, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो हे खरंय.

---

उत्तर:

ताई नमस्कार,

काकांनी सांगितलेला टॉर्चचा उपाय चांगला आहे आणि नवीन सेन्सर बसवले तरी ती सवय ठेवाच. पण हे दुरुस्त होतं, नक्की होतं, आणि टाकी उतरवावी लागत नाही. आधी फक्त बिघाड कुठे आहे ते शोधा, नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी होतं, लोक केमिकलच्या बाटल्यांवर बाटल्या ओततात आणि शेवटी एखादी गंजलेली वायर निघते.

कंपनीतून गाडी येते तेव्हा टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूचे छोटे बोल्ट बसवलेले असतात, त्यांना प्रोब म्हणतात. सगळ्यात खालचा कॉमन आणि वरचे एक तृतीयांश, दोन तृतीयांश, फुल असे. तुम्ही बटण दाबता तेव्हा पॅनेल १२ व्होल्टच्या लाइनवरून थोडासा करंट पाठवतं, आणि पाण्यातून तो कॉमनपासून ज्या बोल्टपर्यंत पोचतो तिथपर्यंतचे दिवे लागतात. म्हणजे हा सेन्सर पाणी मोजतच नाही, दोन बोल्टांमधून वीज वाहतेय का एवढंच बघतो. टाकीच्या आतल्या भिंतीवर साबण, तेलकटपणा, टॉयलेट पेपरचा लगदा यांचा ओलसर थर बसला की करंट त्या थरातूनच वर चढतो आणि पॅनेलला वाटतं टाकी भरलीय. ब्लॅकमध्ये पेपर बोल्टला लटकून राहतो, ग्रेमध्ये भांड्यांचं तूप-तेल बसतं. म्हणून या दोन टाक्या बहुतेक वेळा ‘जास्त’ दाखवण्याच्या बाजूनेच चुकतात.

फ्रेश वॉटरमध्ये असलं काही नसतं, तिथे बोल्टवर क्षार बसतात नाहीतर बाहेरचं टर्मिनल गंजतं, करंट पोचतच नाही, म्हणून ती ‘कमी’ दाखवते. पाणी अगदी शुद्ध, म्हणजे आरओचं किंवा पावसाचं असेल तर तेही वीज कमी वाहू देतं, ते लक्षात ठेवा. थोडक्यात तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत, दोघांना एकच औषध चालणार नाही.

आता टेस्ट. त्याच पॅनेलवर बॅटरीची पातळी दिसत असेल तर आधी ती मल्टीमीटरने पडताळून बघा. तीही चुकीची असेल तर संशय पॅनेलवर किंवा त्याच्या ग्राउंडवर (निगेटिव्हच्या जोडणीवर) घ्यायचा, टाकीला हात लावायची गरज नाही. ती बरोबर असेल तर टाकी रिकामी करा आणि खाली जाऊन सगळ्यात वरच्या बोल्टची वायर सोडवा, मग एकाला आत बटण दाबायला सांगा. फुलचा दिवा विझला तर वायरिंग आणि पॅनेल ठीक आहे, खोट टाकीच्या आत आहे. वायर काढूनही दिवा तसाच राहिला तर वायर कुठेतरी घासून शॉर्ट झालीय किंवा पॅनेलच गेलंय. फ्रेश टँकला उलटी टेस्ट, दोन्ही टोकांना क्लिप असलेली वायर घ्या आणि कॉमनची वायर वरच्या बोल्टच्या वायरला जोडा. फुल दाखवलं तर पॅनेलपर्यंतची लाइन चांगली आहे आणि बोल्ट काढून घासायचा, नाही दाखवलं तर जोडणी तपासत पॅनेलकडे जायचं.

हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावल्याशिवाय काहीही करू नका. ब्लॅक टँकमध्ये मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, त्यामुळे बंद जागेत तोंड खुपसून काम करायचं नाही आणि जवळ ज्योत-ठिणगी अजिबात नको.

---

उत्तर:

दादा, खूप खूप आभार, एवढं नीट कोणी सांगितलंच नव्हतं. सगळ्या टेस्ट केल्या. बॅटरी बरोबर दाखवतेय. ब्लॅक आणि ग्रेची वरची वायर काढल्यावर दिवा लगेच खाली आला म्हणजे खोट आतच आहे. फ्रेशच्या वरच्या बोल्टवर हिरवट पावडर जमली होती आणि वायरची रिंग हात लावल्यावर तुकडा पडून हातातच आली. ती रिंग बदलली, बोल्ट घासला, आता फ्रेश टँक व्यवस्थित फुल दाखवते!

ब्लॅक-ग्रेसाठी आता केमिकल टाकू की सरळ सेन्सर बदलू? बर्फाचे खडे टाकून गाडी चालवा असंही कोणीतरी सांगितलं.

---

उत्तर:

वहिनी, मी मध्येच लिहितो कारण केमिकलबद्दल एक महत्त्वाचं आहे. ब्लीच ब्लॅक टँकमध्ये कधीही ओतू नका. लघवीतून अमोनिया सुटतो, ब्लीचशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइनचा विषारी वायू होतो, शिवाय व्हॉल्व्हच्या रबर सीलनाही ब्लीच बरं नाही. उकळतं पाणीसुद्धा नको, प्लास्टिक आणि सील दोन्ही त्याने बिघडू शकतात. बर्फ तर पाण्यावर तरंगतो आणि वितळतो, भिंतीवरचा चिकट थर त्याने निघेल यावर माझा विश्वास नाही.

बॅक्टेरिया आणि एन्झाइमवालं लिक्विड भरपूर पाण्यात टाकून एक-दोन दिवस तसंच मुरू द्या, मग गाडी थोडी फिरवून डंप करा. ग्रेला भांडी घासायचं लिक्विड आणि वॉटर सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं द्रव्य) चालतो. टॉयलेटमधून आत घालायची फिरत्या नोझलची कांडी मिळते, ती बोल्टच्या बाजूच्या भिंतीवर रोखून मारली तर फरक पडतो. आणि कॅम्पसाइटवर सांडपाण्याची जोडणी असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका हो, पाणी वाहून जातं आणि घट्ट ते खाली साचून त्याचा ढीग होतो, तो मग कशानेच हलत नाही.

---

उत्तर:

वरचं सगळं अगदी बरोबर, त्यात मी एवढंच म्हणेन की धुतल्यावर बोल्ट काही काळ नीट वागतील आणि वापर सुरू झाला की थर परत बसेल, कारण मुळात सेन्सर घाणीतच उभा आहे. ब्लॅक टँकमध्ये सेन्सर आत असूच नये असं माझं ठाम मत झालंय.

दोन रस्ते आहेत. पहिला, त्याच भोकात लांब प्रोब बसवायचे, हॉर्स्टचे मिरॅकल प्रोब मिळतात तसे. त्यांचं टोक भिंतीपासून आत लांब राहतं आणि भिंतीजवळच्या भागावर आवरण असतं त्यामुळे थरातून करंट सहज जात नाही. जुनं पॅनेल, जुन्या वायरी सगळं तेच राहतं, टाकी फक्त पूर्ण रिकामी हवी. ग्रे टँकला हे मला पुरेसं वाटतं. पण दिवे तेच चार राहतात, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांशच्या मध्ये नक्की कुठे आहोत ते कळत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे बाहेरून चिकटवायची कपॅसिटिव्ह पट्टी, यात गार्नेट कंपनीची सीलेव्हल सिस्टीम बरीच वापरली जाते. टाकीला भोक नाही, आत काहीच नाही. पट्टी प्लास्टिकच्या भिंतीतून आरपार पाणी ओळखते, कारण हवेचा डायलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती विद्युतभार साठवू देतो त्याचं माप) १ च्या आसपास आणि पाण्याचा ८० च्या आसपास, हा फरक एवढा मोठा आहे की भिंतीवरच्या पातळ थराने ती फसत नाही. टक्क्यांत आकडा मिळतो. तळाशी जाड गाळ साचला असेल तर तो मात्र तिला दिसतो, तेव्हा टाकी धुणं सुटत नाही. आणि धातूची टाकी असेल तर हा पर्यायच नाही, पण मोटरहोममध्ये टाक्या बहुतेक प्लास्टिकच्याच असतात.

वहिनी, तुमची ब्लॅक टँक वर्षभर वापरात असते म्हणून तुम्ही पट्टीच लावा असं मी म्हणेन. सगळ्या टाक्यांच्या पट्ट्या एकाच दोन वायरींच्या लाइनवर जोडता येतात, त्यामुळे पॅनेलपर्यंत गेलेल्या जुन्या वायरींपैकी दोन चांगल्या वायरी वापरल्या तर नवीन ओढाव्या लागत नाहीत. जुने बोल्ट जागेवरच ठेवायचे, फक्त त्यांच्या वायरी काढून टोकं टेप करायची. बोल्ट काढलात तर गळती स्वतःहून घरी बोलावल्यासारखं होईल.

---

उत्तर:

दादा, ठरलं, पट्टीच लावतोय. पण खालून पत्र्यासारखं प्लास्टिकचं आवरण आहे, त्याच्या आत फॉइलचं इन्सुलेशन, आणि टाकी लोखंडी पट्ट्यांवर बसलीय. यजमान विचारतायत पट्टी कुठे चिकटवायची?

---

उत्तर:

यजमानांना म्हणावं अगदी नेमका प्रश्न विचारलात, कारण पट्टी न चालण्याची कारणं जवळजवळ सगळी इथेच असतात.

आवरण पूर्ण काढायची गरज नसते, टाकीच्या त्या बाजूचे स्क्रू सोडून वाकवलं की हात जातो. टाकीची उभी, सपाट बाजू शोधा जिथे शेजारी लोखंडी चौकट, पट्टा किंवा फॉइल नाही. धातू जवळ असला की पट्टीला तो पाण्यासारखा भासतो आणि आकडा खाली येतच नाही. फॉइलचं इन्सुलेशन पट्टीसमोरून कापून मागे सारा, त्या जागी साधा फोम चालेल. किती अंतर हवं ते सूचनापत्रात दिलेलं असतं ते पाळा. टाकी एका बाजूला उतरती असेल तर पट्टी मधोमध घ्या म्हणजे गाडी थोडी कलती उभी राहिली तरी आकडा फार हलत नाही. टॉयलेटचा पाइप जिथे आत पडतो ती बाजू टाळा, तिथे ढीग साचतो.

पट्टी टाकीच्या उंचीइतकी कापायची असते. एक पट्टी साधारण १२ इंचांपर्यंतच्या उंचीला पुरते, त्याहून उंच टाकीला दोन पट्ट्या एकावर एक जोडतात. कुठली पट्टी फ्रेशची, कुठली ग्रेची, कुठली ब्लॅकची हे पट्टीवरच ठरवावं लागतं, ते काम गाडीखाली उताणं पडून नाही तर वर टेबलावर बसून सूचनापत्र समोर ठेवून करा.

आता चिकटवणं, यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. टाकी पॉलिइथिलीनची असते आणि या प्लास्टिकला कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने रस्त्याची माती धुवा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, फडकं काळं येणं थांबेपर्यंत पुसत राहा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा आणि परत अल्कोहोल. थंडीत हे काम काढू नका, भिंत हाताला कोमट लागेल असा दिवस निवडा. पट्टीमागचा कागद एकदम न काढता वरून थोडा सोलायचा, पट्टी धरायची, अंगठ्याने मधून बाहेर दाबत खाली यायचं म्हणजे मध्ये हवा राहत नाही. हवेचा फुगा राहिला तर तेवढा भाग आंधळा होतो. कडांवरून चांगली चिकटपट्टी मारा, पट्टी सुटली की आधी कोपऱ्यातूनच सुटते.

जोडणी करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, डिस्प्लेच्या पॉझिटिव्हला फ्यूज हवाच, आणि खालचे सगळे जॉइंट गरम करून आवळणाऱ्या ट्यूबच्या कनेक्टरने करा. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळलेला जॉइंट गाडीखाली टिकत नाही, तुमच्या फ्रेश टँकच्या रिंगचं काय झालं ते बघितलंतच. आवरण परत लावायच्या आधी टाकी पूर्ण भरून आणि रिकामी करून आकडा बघा.

---

उत्तर:

दादा, काका, सगळ्यांना कळवायचं होतं, पट्ट्या बसल्या आणि चालतायत! ब्लॅक भरत असताना मी डिस्प्लेसमोर उभी राहून आकडा वर चढताना बघितला, ४१, ४४, ४८ असा, आणि यजमान टॉयलेटमधून टॉर्च मारून पडताळत होते. डंप केल्यावर सरळ शून्याच्या जवळ आला. ग्रेवर मात्र आकडा आधी ३० च्या खाली येतच नव्हता, मग बघितलं तर फॉइलची एक कड पट्टीसमोर लोंबत होती, ती कापल्याबरोबर खाली आला. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही पट्टीच खराब म्हणून परत केली असती.

आता शेवटचं, ब्लॅक किती टक्क्यांना डंप करायची?

---

उत्तर:

वा, छान झालं! ब्लॅक निदान ६५-७० टक्के होऊ द्या, पाण्याचा जोर असला तरच घट्ट माल व्हॉल्व्हमधून बाहेर ढकलला जातो. घाईने निघायचंच असेल तर वरून पाणी भरून तिथवर आणा आणि मग सोडा. ग्रेमध्ये तेव्हा थोडं पाणी शिल्लक ठेवा, ब्लॅक झाल्यावर ते सोडलं की नळी धुतली जाते.

आणि फ्रेशचा आकडा निघायच्या आधी बघत जा. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, १५० लिटरची टाकी भरून घेतली की गाडीत १५० किलो जास्त, तेव्हा मुक्कामी पाणी मिळणार असेल तर तेवढं ओझं रस्त्यावर वाहू नका.