मदत हवी आहे : स्टिक पुशर असलेल्या विमानाची स्टॉल चाचणी कुठपर्यंत नेतात?

नमस्कार. मी वेंगुर्ले तालुक्यातील एका शाळेत विज्ञान शिकवतो. चिपीच्या सड्यावरील विमानतळावर एटीआर-७२ ही प्रवासी विमाने उतरू लागल्यापासून मुलांच्या प्रश्नांचा रोख बदलला आहे. थर्माकोलच्या पंखावर लोकरीचे धागे चिकटवून तो टेबलफॅनसमोर धरला आणि कोन वाढवत नेला, की मागच्या कडेचे धागे आधी फडफडतात आणि मग उलटे वळतात, हे त्यांनी स्वतः पाहिले. (कोन फार वाढल्याने पंखावरचा हवेचा प्रवाह असा विस्कटून उचल घटणे, म्हणजेच स्टॉल.) चाचणीच्या विमानांवरही असेच धागे लावतात, हे कळल्यावर पुढचे प्रश्न आलेच.

प्रवासी विमानांच्या प्रमाणन नियमांतील मुख्य भाग मला समजला आहे. वैमानिक दर सेकंदाला एक नॉट (ताशी सुमारे १.८५ किमी) या संथ गतीने वेग कमी करतो. सरळ उड्डाणात आणि ३० अंशांच्या वळणातही स्टॉल करून दाखवतो. सरळ स्टॉलमध्ये विमान साधारण २० अंशांहून अधिक कलंडता कामा नये. गुरुत्वमध्य पुढे असताना शेपटीला अधिक जोराने खाली दाबावे लागते आणि तो भारही पंखांवरच येतो, म्हणून स्टॉलचा वेग बहुधा तिथे सर्वाधिक भरतो. वर्तनाची खरी कसोटी मात्र गुरुत्वमध्य मागे असताना लागते.

अडचण पुढे आहे. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी बीएसी वन-इलेव्हनचे चाचणी-विमान डीप स्टॉलमध्ये सापडून कोसळले आणि त्यातील सातही जण गेले. उंच, टी आकाराची शेपटी पंखांमागच्या विस्कटलेल्या हवेत सापडली, की नाक खाली आणणे अशक्य होऊ शकते, म्हणून अशा अनेक विमानांत दांडा आपोआप पुढे ढकलणारा स्टिक पुशर असतो. एटीआरमध्येही तो आहे. नियमानुसार संदर्भ स्टॉल वेग (ज्याच्या आधारे उड्डाणाचे आणि उतरण्याचे किमान वेग ठरतात तो) पुशर चालू होण्याच्या वेगापेक्षा किमान २ नॉट किंवा २ टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा, वर धरावा लागतो.

मग पुशर बंद ठेवून चाचणी-वैमानिक पुशर ज्या कोनाला चालू होतो त्यापलीकडे, नैसर्गिक स्टॉलपर्यंत जातात का? जात असल्यास पवनबोगद्यातील मोजमापांवरून थांबण्याचा कोन आधीच ठरवतात, की उड्डाणागणिक थोडा थोडा वाढवतात? शेपटीतील सुटकेच्या पॅराशूटवर कितपत विसंबतात, हेही कळावे, कारण १९८० साली कॅनेडेअरच्या चॅलेंजर या छोट्या जेट विमानाच्या चाचणीत पॅराशूटने विमानाला डीप स्टॉलमधून बाहेर काढले, पण ते पुढे विमानापासून सुटलेच नाही आणि विमान कोसळले.

उड्डाण-चाचणी किंवा विमानरचनेचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे. आठवी-नववीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवता येईल अशी आकृती दिल्यास फार उपकार होतील.