बारा सिलिंडरची जुनी गाडी घ्यायचीय, बजेट १५ हजार पाउंड

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळचा हर्णैचा. नऊ वर्षं कॉव्हेंट्रीत नोकरी करतोय, सध्या सुट्टीवर घरी आहे. बारा सिलिंडरची गाडी हे कॉलेजपासूनचं वेड. दुरुस्तीसकट १५ हजार पाउंड बाजूला काढलेत. मनात जग्वार एक्सजेएस, बीएमडब्ल्यू ८५०आय आणि मर्सिडीज ६००एसएल आहेत. भावाकडून उसने घेतले तर फेरारी ४००आयसुद्धा बघू शकतो. पाच-सहा वर्षांनी कायमचं परत यायचंय आणि गाडी सोबत आणायची इच्छा आहे. घर बंदरापासून दोनशे पावलांवर. कोणती घेऊ?

आगबोट:
खाडीकाठ भाऊ, मी देवगडचा. सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फेरारी सोडा. उसन्या पैशांनी घेतली की दुरुस्तीला हातात काही उरत नाही, आणि तिचं एकेक काम बाकीच्या तिघींच्या दुप्पट खिसा कापतं. ८५०आयचं पाच लिटरचं इंजिन दणकट आहे, पण दोन्ही बाजूंच्या सहा-सहा सिलिंडरना वेगळा कंट्रोल युनिट, वेगळा थ्रॉटल. दोष शोधायला जाणकार माणूस लागतो. ६००एसएल १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांतली असेल तर इंजिनच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं. हार्नेस, म्हणजे हा वायरींचा जुडगा, बदललाय याची पावती मागा.

मी एक्सजेएस घेईन. ५३४३ सीसी, ॲल्युमिनियमचं इंजिन. १९८१ला एचई (हाय एफिशियन्सी) ही तिची सुधारित आवृत्ती आली, मायकेल मे या स्विस इंजिनीअरच्या रचनेचे सिलिंडर हेड घेऊन. त्यामुळे पेट्रोल कमी लागायला लागलं. शक्यतो एचईच बघा. या इंजिनाचा खरा शत्रू उष्णता. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत पाला, माती साचते आणि वारा अडतो. तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला तरी कोणी तसंच दामटलं असेल तर व्हॉल्व्हच्या सीट, म्हणजे झडपा बसतात ती कडी, निखळून पडू शकतात. मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून गाडी घेतल्यावर पहिला पैसा रेडिएटर, होज आणि थर्मोस्टॅट यांवर.

दुसरं, इंजिनच्या दोन तिरक्या बाजूंमधल्या व्ही-खोबणीतल्या पेट्रोलच्या रबरी नळ्या. त्या सुकून तडकतात आणि पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. या गाड्या आगीत जातात त्या बहुतेक इथूनच. नळ्या दिसायला चांगल्या असल्या तरी सगळ्या बदला, मगच लांब जा. १९८९नंतरच्या मारेली इग्निशनमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत) एका बाजूची ठिणगी बंद पडली तर न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधल्या तापलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन पेट घेतं. त्या वर्षांतली मिळाली तर ठिणगी सिलिंडरना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर नवे टाका.

कौलारू:
दादा, मी वेंगुर्ल्याची. आगबोट काकांनी इंजिनाचं सांगितलं, मी पत्र्याचं सांगते. बाबांची जीप आमच्या अंगणात माडाखाली उभी असायची. खारं वारं आणि चार महिने पाऊस. वरून रंग चकचकीत आणि खालून फूटबोर्ड हाताने तुटायचा. पावसाळ्यात वर प्लास्टिकची ताडपत्री बांधायचो, तीच चूक झाली. आत ओल कोंडली. एक्सजेएसला सिल (दाराखालची पट्टी) आणि मागच्या रेडियस आर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बैठकीला गंज लागतो, तिथे वेल्डिंगच्या खुणा बघा. हर्णैला आणलीत तर जांभ्याच्या भिंतींची, वारा खेळेल अशी बंद जागा आधी बांधा. आठवड्याला खालून गोड्या पाण्याने धुवा आणि मगच आत लावा.

घाटवाट:
मित्रा, आणायचा विचार असेल तर नियम आधी बघ. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असली की साध्या वाटेने येत नाही, आणि आली तरी शुल्कच किमतीहून जास्त. आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षं झालेली मूळ स्थितीतली गाडी विंटेज म्हणून नोंदवतात, नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण ती रोज चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती यांसाठीच बाहेर काढता येते. एक्सजेएस १९७५ला आली, एचई १९८१ला. म्हणजे पहिली एचई पन्नाशीत जाईल ती २०३१ला. तोवर कॉव्हेंट्रीतच कोरड्या गॅरेजात ठेव, तिथे चालव, मग ठरव.

खाडीकाठ:
मनापासून आभार सगळ्यांचे. १९८१ ते १९८८मधली एचई शोधतो. फेरारी विसरलो. गाडी परत आणण्याचं आत्ताच ठरवत नाही, वाईट वाटतंय, पण ताईंच्या जीपचं वाचून हर्णैचं अंगण डोळ्यासमोर आलं. काका, बघायला गेल्यावर पहिलं काय करू?

आगबोट:
विकणाऱ्याला आधीच सांगा, इंजिन गार असताना मला बघायचंय. पोहोचल्यावर बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर त्या दिवशी पुढे काही बघू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. गार असेल तर सुरू करून एसी लावा, वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा आणि काट्यावरून नजर हलवू नका.