जॅझ बँडसाठी दुसरा सॅक्सोफोन घ्यावा की बेस गिटार?

इंदिरानगरची_आई

नमस्कार मंडळी. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आल्टो सॅक्सोफोन शिकतोय. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी पोरांनी जॅझ बँड काढायचं ठरवलंय. हा आल्टोवर, एक मैत्रीण ट्रम्पेटवर, दोघं इलेक्ट्रिक गिटारवर, एक जण कीबोर्डला, एक ड्रम्सला. वर्गणीतून आणखी एकच वाद्य घेता येईल. चिरंजीव टेनर सॅक्ससाठी (आल्टोहून मोठा, खालच्या स्वरांचा) अडून बसलेत, "त्याशिवाय सेक्शन कसा होणार?" म्हणतात. कीबोर्डवाला म्हणतो बेस घ्या. सराव आमच्याच गच्चीवर चालतो. जॅझ बँडमध्ये कोण नेमकं काय करतं, कुणी जाणकार सांगेल का?

नाशिकरोड_क्लॅरिनेट

ताई, बेस घ्या. आमच्या घरचाच लग्नाचा बँड होता, मी क्लॅरिनेटवर वाढलो आणि पुढे टेनर सॅक्सवर आलो. स्वतः सॅक्सवाला असून हे सांगतोय.

चिरंजीवांच्या डोक्यात बिग बँडचं चित्र आहे. त्यात साधारण सतरा माणसं: पुढच्या रांगेत पाच सॅक्स (दोन आल्टो, दोन टेनर, एक बॅरिटोन), त्यांच्या मागे चार ट्रॉम्बोन, सगळ्यात मागे चार ट्रम्पेट. उरलेले चौघे, म्हणजे पियानो, गिटार, बेस आणि ड्रम्स, हा ऱ्हिदम सेक्शन. पाच सॅक्स एकाच वेळी पाच वेगळे स्वर धरतात, लीड आल्टो वरची चाल नेतो आणि बाकीचे त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेतात. मागून ट्रम्पेट-ट्रॉम्बोन तुटक फटकाऱ्यांनी त्यांना उत्तर देतात. ही सवाल-जवाबाची मजा फार मोठी आहे, पण तिला माणसंही तेवढी लागतात. एक आल्टो आणि एक टेनर एवढ्यावर सॅक्स सेक्शन होत नाही.

मुलांकडे आत्ता जे आहे ते पाहा. १९४५ साली चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी न्यूयॉर्कमध्ये पाच जणांत जे उभं केलं, त्याची वाद्यं होती आल्टो, ट्रम्पेट, पियानो, बेस, ड्रम्स. तुमच्या गच्चीवर यातलं सगळं आहे, फक्त बेस नाही.

बेसवाला दर मात्रेला एक स्वर टाकत चालतो. कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) बदलली की बहुधा तिचा मूळ स्वर, आणि मधल्या मात्रांवर पुढच्या कॉर्डकडे नेणाऱ्या पायऱ्या. सोलो घेणारा, म्हणजे एकटा पुढे येऊन वाजवणारा, कितीही लांब गेला तरी आपण कुठल्या कॉर्डवर आहोत हे त्याला कानावरच कळतं. आपल्या नाशिक ढोलात ताशा कितीही कडकडला तरी पाय ढोलावरच पडतात, तसंच. बेस नसला की ते काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताला करावं लागतं आणि त्याचं स्वतःचं काम, मोकळ्या जागा बघून कॉर्ड पेरण्याचं, बाजूला राहतं.

ड्रमरला सांगा, उजवा हात राइड सिंबलवर (उजवीकडची मोठी झांज): टिंग, टिंग-ट, टिंग, टिंग-ट. डाव्या पायाने हाय-हॅट (पेडलवरची झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटायची. आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळे हा पाय सुरुवातीला हटकून पहिल्या मात्रेवर पडतो. बाकी काही नको, फक्त एवढंच बेसबरोबर रोज अर्धा तास वाजवू दे. बास ड्रम अगदी हलका.

आणि दोन गिटार नकोतच. कीबोर्ड आणि एक गिटार मिळून कॉर्ड वाजवायला लागले तरी एकमेकांच्या पायात येतात, तिथे दोन म्हणजे नुसता चिखल. काउंट बेसीच्या बँडमधला गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ पर्यंत जवळजवळ फक्त ऱ्हिदम वाजवत राहिला, दर मात्रेला एक छोटा कॉर्ड, सोलो नाहीच म्हणा. त्या माणसाबद्दल मला अतोनात आदर आहे. तर तुमच्या दोघांपैकी एकाला बेसवर बसवा. गिटारच्या जाड चार तारांचेच स्वर, ई-ए-डी-जी, बेसला एक सप्तक खाली असतात. बोटांना जागा आधीच ठाऊक असतात.

गोदाकाठी

वरच्या दादांशी सहमत. एक भर घालतो. न्यू ऑर्लिन्सचे बँड मिरवणुकीत चालत वाजवायचे तेव्हा खालचे स्वर ट्यूबा सांभाळायचा, डबल बेस घेऊन कोण चालणार? ढोल आणि साइड ड्रमलाही वेगवेगळी माणसं असत. पायाने वाजवायचं पेडल आल्यावर ते सगळं एका माणसाकडे गेलं आणि ड्रम सेट झाला. आपल्या वरातीच्या बँडला हे नवीन नाही.

आणि हे संगीत आपल्याकडे परकं नाही हेही मुलांना सांगा. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबीचा बँड आला. पुढे गोव्याचे वादक या संगीतात तयार झाले आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत शिरले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा यांच्याबरोबर काम केलं, आणि अण्णांचा जन्म पुणतांब्याचा, म्हणजे आपल्याच गोदावरीच्या काठचा.

इंदिरानगरची_आई

मनापासून आभार. बेसवर एकमत झालं, एक गिटारवाला आनंदाने तयार आहे. पण नवी अडचण: तिघं एकच 'सी' वाजवतात आणि तीन वेगळे स्वर ऐकू येतात! वाद्यात काही बिघाड आहे का?

नाशिकरोड_क्लॅरिनेट

बिघाड नाही ताई. ही वाद्यंच तशी बांधलेली असतात. ट्रम्पेटवर 'सी' फुंकला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते, आल्टोवर तोच 'सी' फुंकला की काळी दोन. कीबोर्डचा सी मात्र पांढरी एकच. म्हणून प्रत्येकाचा कागद वेगळ्या पट्टीत लिहावा लागतो.

सुरुवातीला बारा बारचा ब्लूज (चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं, पुन्हा पुन्हा फिरणारं कॉर्डचं चक्र) काळी पाचमध्ये बसवा. कीबोर्ड बी फ्लॅटमध्ये, ट्रम्पेट आपल्या 'सी'मध्ये, आल्टो आपल्या 'जी'मध्ये. फुंकणाऱ्या दोघांना ही पट्टी सोपी जाते. गिटारवाला कुरकुर करेल, त्याला मोकळ्या तारा मिळत नाहीत. बेसवाल्याला मूळ स्वर 'ए' तारेच्या पहिल्याच पडद्यावर सापडेल. पहिले काही दिवस फक्त बेस आणि ड्रम्स बाराही बार न थांबता फिरवू देत, मग कीबोर्ड, आणि चिरंजीव व ट्रम्पेट सगळ्यात शेवटी.