'फ्रेम जनरेशन'ला काय म्हणायचं? नांग्या, आंतरपीक की मधली फ्रेम?

देवगड: गेमच्या फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी चित्रं, वाढवून दाखवणाऱ्या 'लॉसलेस स्केलिंग' या सॉफ्टवेअरच्या सेटिंगची माहिती मराठीत लिहितोय. या वाढवण्यालाच 'फ्रेम जनरेशन' म्हणतात. 'चौकटनिर्मिती' म्हटलं की सुतारकाम वाटतं. भातलावणीनंतर मेलेल्या रोपांच्या जागी दुसरी लावतात तसं 'फ्रेमच्या नांग्या भरणं' चालेल का?

मालवण: शब्द झकास, जागा चुकली. नांगी म्हणजे असायला हवं होतं ते रोप गेलं. ती ड्रॉप झालेली, म्हणजे वेळेत न आलेली फ्रेम. गेम कचकन अडकते ती नांगी, आणि ती हे सॉफ्टवेअर भरत नाही. ते दोन जिवंत फ्रेमच्या मध्ये अंदाजाने तिसरी घुसवतं. सेकंदाला 60च्या 120 दिसतात. आंतरपीक म्हणावं, तर ते निदान वेगळं पीक असतं. गणितातला 'अंतर्वेशन' नेमका आहे, पण तोंडात कोण घेणार? 'मधली फ्रेम' पुरे.

गुहागर: 'मधली'ला माझंही मत. माउस हलवल्यावर चित्र उशिरा हलतं, त्या उशिराचं कारण त्या शब्दातच आहे. मधली काढायची तर पुढची आधी हातात हवी, म्हणून तयार फ्रेम थोपवून धरावी लागते. 60ला दोन फ्रेममधलं अंतर 16.7 मिलिसेकंद, 30ला 33.3. त्यामुळे 30चे 60 केले की चित्र सलग दिसतं, पण माउस जड लागतो. ('गुळगुळीत' नको, तो हाताचा शब्द.) आणि 'लॅग' तर टाळाच. लोक अडकण्यालाही लॅग म्हणतात, उशिरालाही. मधली फ्रेम उशीर वाढवते.

देवगड: मग लॉसलेस स्केलिंगसाठी 'एफपीएस कॅप'ला (सेकंदाला किती फ्रेम, यावरची मर्यादा) 'बांध' लिहू?

मालवण: लिहा. 120 हर्ट्झच्या मॉनिटरला 60चा बांध घाला, गेम बॉर्डरलेस विंडोत ठेवा, एलएसएफजी (लॉसलेस स्केलिंगची फ्रेम जनरेशन) दुप्पटवर, मग गेमच्या खिडकीत क्लिक करून कंट्रोल-ऑल्ट-एस दाबून ती चालू करा. बांध घालूनही जीपीयूचा (चित्र काढणाऱ्या चिपचा) वापर 95 टक्क्यांच्या वर असेल तर मधल्या फ्रेमला जागाच नाही. मूळ 60च घसरतात. सावल्यांची सेटिंग उतरवा, नाहीतर फ्लो स्केल (हालचालीचा अंदाज किती बारकाईने घ्यायचा ते) कमी करा. पावसात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि जीपीयूचे वॅट पडतात. बांध 60चा, पाणी 40चं. तेव्हा बंदच ठेवलेलं बरं.

गुहागर: नेमाच्या खुणेभोवती नि कोपऱ्यातल्या नकाशाभोवती चित्र फरफटतं, त्याचंही लिहा. एनव्हिडियाचं डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर 3 यांची फ्रेम जनरेशन गेममध्येच बसवलेली असते. कुठली वस्तू किती सरकली हे इंजिनच सांगतं. लॉसलेस स्केलिंगला फक्त तयार चित्र दिसतं. मागचं दृश्य पळतंय आणि खूण जागेवरच, हे त्याला धड कळत नाही.

देवगड: 'घोस्टिंग' म्हणतात ते. 'भूत' लिहू?

मालवण: कोकणात नको, लोक भलतंच विचारतील. 'सावली'ही नको, ती वर सेटिंगात येऊन गेली. 'ओघळ' लिहा. ओल्या रंगावरून बोट फिरवल्यावर उठतो, तसाच दिसतो.